न मोजलेला ताप

दिनांक ७ ऑगस्ट २००९, शुक्रवार, संध्याकाळी सहाच्या सुमारास मंदाकिनीवहिनींना बारा मुखवट्यांचे चार हजार तीनशे पन्नास रुपये रोख मिळाले. भाव एका मुखवट्याला तीनशे पंच्याहत्तर ठरला होता. वरचे दीडशे गिऱ्हाइकाने घासाघीस करून सोडायला लावले. एवढी रक्कम एकदम हातात पडायची त्यांची ही पहिलीच वेळ, म्हणून नोटा मोजायला त्यांनी मला वर बोलावले. वारज्यात आमच्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. त्यामुळे पुढे जे घडले त्याची सुरुवात मी स्वतः पाहिली आहे.

मंदाकिनी ढोके मूळच्या वर्धा जिल्ह्यातल्या. त्यांच्या माहेरी उन्हाळ्यात रद्दी भिजत घालायचे, चार दिवसांनी ती कुटायची, तिच्यात वाटलेल्या मेथ्या कालवायच्या आणि तो लगदा पालथ्या मडक्यावर थापून टोपल्या करायच्या. मेथ्यांनी लगदा चिकट होतो आणि त्याला कीड लागत नाही. लग्नानंतर हे सगळे मागे पडले. यजमान ज्ञानदेवराव पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. २००१ साली कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. सही करणाऱ्यांत स्वेच्छा कोणाची होती ते मला अजून कळलेले नाही. त्यानंतर ज्ञानदेवराव मार्केट यार्डात एका अडत्याकडे गाड्यांची नोंद ठेवू लागले आणि वहिनींनी गच्चीवर, पाण्याच्या टाकीखालच्या रिकाम्या खोलीत, पुन्हा रद्दी भिजत घातली.

टोपल्या कोणी घेईना. मग शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी एका बाईंनी अस्वलाचे तोंड मागितले, ते जमले, आणि तिथून मुखवटे सुरू झाले. हिंजवडीच्या कंपन्यांतली मुले कसल्या ना कसल्या कार्यक्रमासाठी वाघ, घुबड, माकड मागू लागली. पावसाळ्यात लगदा वाळत नाही, म्हणून खोलीत दोन टेबलफॅन दिवसभर चालत.

त्यांची एक पद्धत होती. पुरा झालेला प्रत्येक मुखवटा त्या स्वतःच्या चेहऱ्याला लावून दहा श्वास मोजत. डोळ्यांच्या भोकांतून नीट दिसते की नाही यापेक्षा आत गुदमरते का, हे त्या बघत. दहा श्वास झाल्याशिवाय मुखवटा गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे.

त्या शुक्रवारी आलेला मुलगा दिग्विजय. वय सत्तावीस, आठवडाभरापूर्वी अमेरिकेहून परतलेला. त्याने वाघ तोंडाला लावला आणि लगेच काढला.

“काकू, नाकाला जाम टोचतंय. आणि हा टायगर आहे ना? कॅट वाटतोय.”

“तुमच्या हापिसात खरा वाघ कोणी पाह्यलाय, सांगा बरं.”

तो हसला आणि हसता हसता खोकला. “रंगाचा वास येतोय.”

“रंग तर परवाच वाळला. आणा इकडे.”

वहिनींनी आतली कड ब्लेडने तासली, पॉलिश पेपरने घासली आणि सवयीप्रमाणे वाघ आपल्या चेहऱ्याला लावला. मी नोटा मोजत होतो. त्या दहा श्वास मोजत होत्या.

स्वाइन फ्लूची भीती तेव्हा शहरात आलेली होती. रस्त्यावर निम्मी तोंडे रुमालाने बांधलेली असत. आमच्या ऑफिसात प्रत्येकाच्या खिशात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी होती. पण ती भीती पेपरातली होती. एका पोराच्या खोकल्याशी तिचा संबंध आम्हा दोघांनाही लावता आला नाही.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. वहिनी जिन्यातूनच ओरडल्या, “भाऊजी! वर येऊ नका. खालूनच ऐका.”

मी दारात थबकलो.

“त्या पोराला दवाखान्यात ठेवलंय. तोच रोग निघाला. बिचाऱ्यानं आठवणीनं फोन केला. म्हणतो, काकू, मी काढल्यावर तुम्ही तोंडाला लावला होता.”

माझ्या मनात पहिला विचार त्यांचा आला नाही. सकाळीच माझ्या पत्नीने, कौशल्याने, त्यांच्याकडून वाटीभर साखर आणली होती आणि त्या साखरेचा चहा मी प्यायलो होतो. मनात आला तो हा विचार.

वहिनींना स्वतःची काळजी नव्हती. त्यांची मुलगी उत्कर्षा आठवा महिना लागला म्हणून माहेरी आली होती. सासर येरवड्याला, नवरा शुभंकर कंपनीच्या कामासाठी बंगळूरला. घर एका खोलीचे. मायलेकी शेजारी शेजारी झोपत. गरोदर बाईला हा रोग झाला तर आई आणि मूल दोन्ही धोक्यात, हे त्या आठवड्यात रोज छापून येत होते.

दुपारी त्यांना सरकारी तपासणी केंद्रावर नेले. त्या रिक्षाने पुढे गेल्या, मी स्कूटरने मागून. स्कूटरवर मागे बसा असे मी म्हटले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. अडीच तासांच्या रांगेनंतर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी वर न बघता सांगितले, “ताप नाही, तर नमुना घेत नाही. सात दिवस वेगळ्या राहा. रोज दोनदा ताप बघा, शंभरच्या वर गेला की या. आणि मुलीला जरा कणकण वाटली तरी तिला लगेच आणा. गोळ्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झालेल्या बऱ्या.”

वेगळे राहायला जागा एकच होती, गच्चीवरची खोली. संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन जयसिंगराव आले. इमारत त्यांच्याच जुन्या शेतावर उभी आहे. ते जिन्याच्या पाच पायऱ्या खाली थांबून बोलले.

“वैनी, तुमचं समदं खरं हाय. पण टाकी हाय ना वर.”

“मी काय टाकीत उतरणार आहे, दादा?”

“तसं न्हाई. लोक बोलत्यात.”

कौशल्या आमच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा. की टाकीतल्या पाण्यावर आजपर्यंत फार विश्वास होता?”

जयसिंगराव हसले नाहीत. त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि वहिनींना राहू दिले.

सकाळचे जिन्यातले बोलणे मुलीच्या कानावर गेले नव्हते. आईला फक्त सर्दी झाली आहे, असे तिला सांगायचे ठरले होते. पण उत्कर्षाने पहिल्या फोनलाच ओळखले. मला म्हणाली, “काका, आई खोटं बोलायला लागली की आधी माझं जेवण काय झालं ते विचारते.” मग ज्ञानदेवरावांनी तिला खरे सांगितले.

औषधांच्या दुकानांत थर्मामीटर उरले नव्हते. आमच्याकडे दोन होते. एक कौशल्याने कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्याबरोबर वर पाठवला, दुसरा उत्कर्षाला दिला. वहिनींनी ताप मला फोनवर सांगायचा, घरी नाही, असे त्यांनीच ठरवून घेतले. सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला मी विचारत असे आणि वहीत लिहून ठेवत असे.

सोमवारी सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. संध्याकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मंगळवारी दोन्ही वेळा तेच. त्याच दिवशी शाळा, थिएटरे, मॉल बंद झाले आणि मुख्य रस्त्यावर भरदिवसा शुकशुकाट झाला. बुधवारी सकाळीही अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

त्या दिवशी मी ऑफिसात होतो, पण कामात लक्ष लागेना. तीस वर्षे मी दुसऱ्यांचे आकडे तपासत आलो आहे. खरे आकडे इतके एकसारखे येत नाहीत. शिवाय मी विचारायचो आणि उत्तर तत्काळ यायचे; माणूस नळी उजेडाकडे धरून बघतो तेवढाही वेळ मध्ये जात नव्हता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी घरी आलो, तोंडाला रुमाल बांधला आणि गच्चीवर गेलो.

दोन्ही पंखे बंद होते. दोरीवर न रंगवलेले पांढरे मुखवटे टांगलेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगावर ऑगस्टच्या उकाड्यात गोधडी.

मी दाराबाहेर थांबलो. “वहिनी, माझ्यासमोर ताप बघा.”

“सकाळीच पाह्यला ना.”

थर्मामीटर डब्याच्या झाकणावर होता. कौशल्याने गुंडाळलेला कापूस वरच्या दोऱ्यासकट तसाच.

“दोरासुद्धा सोडलेला नाही.”

“एकदाही नाही पाह्यला.”

“काहून?” ‘का’ऐवजी त्यांचाच वऱ्हाडी शब्द माझ्या तोंडून गेला.

“पाह्यला आणि निघाला तर? शुक्रवारी रात्री तिच्या केसांना तेल लावलं. शनिवारी तिला माझ्या हातानं भरवलं. मला निघाला म्हणजे मी तिला दिलाच. जोवर पाहत नाही तोवर दिला नाही.”

“अंग कधीपासून गरम आहे?”

“काल सकाळपासून.”

मी डॉक्टरीणबाईंच्या दोन दिवसांची आठवण करून दिली. “उत्कर्षालाही कालच लागला असेल तर आज दुसरा दिवस आहे, वहिनी. तुम्ही बघितलं नाही म्हणून गोळी मिळाली नाही, असं व्हायला नको.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की बोललो त्याचा मला पश्चात्ताप झाला. पण त्यांनी दोरा सोडला. नळी जिभेखाली धरली. मी घड्याळात दोन मिनिटे मोजली. त्यांनी नळी उंबऱ्यावर ठेवली आणि मागे सरकून भिंतीकडे तोंड केले. मी रुमालाने उचलून पाहिली. एकशे एक पॉइंट सहा.

“सांगू नका,” त्या म्हणाल्या. “खाली जा. तिचा बघा.”

खाली उत्कर्षाचा ताप नव्व्याण्णव पॉइंट दोन निघाला. ज्ञानदेवराव म्हणाले, “हा काय ताप नाही.” तेव्हा ती रडायला लागली. “बाबा, घसा परवापासून खवखवतोय. आईला कळलं तर ती वर जीव देईल, म्हणून बोलले नाही.”

ज्ञानदेवराव होते तिथेच खाली बसले. त्यांना उठवायला मला हाताला धरावे लागले, आणि धरताना मी पुन्हा घाबरलो.

रस्त्यावर तीन रिक्षा थांबल्या. बांधलेली तोंडे आणि उत्कर्षाचे पोट बघून तिन्ही निघून गेल्या. चौथा रिक्षावाला पन्नाशीचा, दाढी पांढरी. त्याने कुठे जायचे एवढेच विचारले आणि मीटर पाडला. पण वहिनी बसेनात. “मी तिच्या शेजारी बसणार नाही. तिला न्या. मी चालत येते.”

“एवढ्या तापात चालत?” ज्ञानदेवराव म्हणाले.

“मरू दे मला. तिच्या शेजारी नाही.”

रिक्षावाल्याने आपल्या सीटवर एका बाजूला सरकून जागा केली. “मावशी, तुम्ही पुढं माझ्यापाशी बसा. वारं लागेल, बरं वाटेल.” त्याच्या तोंडावर रुमालसुद्धा नव्हता. वहिनी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसल्या, चेहरा बाहेरच्या बाजूला वळवून. मी स्कूटरवरून मागे होतो. सगळा रस्ता त्यांनी मान सरळ केली नाही.

दवाखान्यात दोघींच्या घशातले नमुने घेतले आणि दोघींना गोळ्या अहवालाची वाट न बघता त्याच संध्याकाळी सुरू केल्या. वहिनींना ठेवून घेतले. उत्कर्षाला विहीणबाई येरवड्याला घेऊन गेल्या आणि त्यांनी तिला एक खोली मोकळी करून दिली. मधले दोन दिवस ज्ञानदेवराव आमच्याकडे जेवायला येत, पण ताटावर नुसते बसत. शुक्रवारी अहवाल आले. वहिनींना स्वाइन फ्लू होता. उत्कर्षाला नव्हता. मग घसा कशाने धरला होता, असे मी विचारले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चार दिवस झोपली नसेल. शहरात निम्म्यांचा घसा धरलाय.”

वहिनी सहा दिवसांनी घरी आल्या. त्या वेळी दिग्विजय बरा होऊन आपल्या घरी गेलेला होता. त्याचा कार्यक्रम रद्द झाला आणि त्याच्या आईने बाराही मुखवटे इमारतीमागे जाळले. पैसे मात्र त्याने परत मागितले नाहीत.

उत्कर्षाला १९ सप्टेंबरला मुलगी झाली, वजन दोन किलो चारशे ग्रॅम. बाळंतपण येरवड्यालाच झाले. वहिनी भेटायला गेल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या. विहीणबाई म्हणाल्या, “अहो, आत या, महिना उलटून गेला.” तरी त्या उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. तिथूनच त्यांनी बाळ पाहिले आणि परत आल्या. असे त्यांनी दोनदा केले. तिसऱ्या खेपेला उत्कर्षा न विचारता बाळ घेऊन दारात आली आणि तिने ते त्यांच्या हातात ठेवले.

दवाखान्याच्या फाटकाशी त्या बुधवारी गर्दी फार होती. मी स्कूटर लावून सुटे पैसे काढून येईपर्यंत रिक्षावाला निघून गेला होता. भाडे मागायला तो थांबला नाही आणि नंबर लिहून घ्यायचे मला सुचले नाही. मीटरवर अडुसष्ट झाले होते, असे ज्ञानदेवराव सांगतात. वारज्याच्या आणि दवाखान्याजवळच्या रिक्षा स्टँडवर आम्ही चार वेळा चौकशी केली. तो सापडला नाही. त्याचे अडुसष्ट रुपये द्यायचे राहिले आहेत.