पांढरी साडी नेसून कुठे बसायचं

मी लिहायला बसले, याची आधीच माफी मागते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परीक्षेच्या पेपरापलीकडे फारसं लिहिलेलं नाही. त्यात विषयही अवघड. मी वर्ध्याजवळच्या आंजी गावची, बौद्ध घरातली, आणि माझं प्रेम एका मुलीवर आहे. तिच्या घरचा भाजीचा मळा; आठवडी बाजारात वांगी तीच विकते. आम्हा दोघींना उघडपणे शेजारी बसता येईल अशी एक जागा हवी, एवढंच माझं मागणं होतं.

वर्ध्याच्या महिला मंडळात मी हे बोलून पाहिलं. ताई मायेने म्हणाल्या, "तू जातीवर बोल, छान बोलतेस. ते दुसरं नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही.

मग नागपूरच्या क्वीअर गटाने मेळाव्याला बोलावलं. निरोप होता, जे नेसून स्वतःसारखं वाटतं ते नेसून या. पौर्णिमेला विहारात नेसतो ती पांढरी साडी मी नेसले. बाकी सगळे सप्तरंगी. दारातच एकीने मला मिठी मारली. "कोण गेलं गं?" उत्तर देताना मला ठसका लागला; त्यांना तो हुंदका वाटला. सगळ्यांनी दोन मिनिटं शांतता पाळली. मीही पाळली. पुढे खुलासा केला, तर एकजण म्हणाला, "इथे आपण जात-धर्म आणत नाही हं." त्याच्या मनगटावर पूजेचा लाल धागा होता.

हे ऐकून माझी ती मळ्यातली मैत्रीण पोट धरून हसली. मी म्हटलं, "मंग तू चाल आमच्या विहारात."

"पांढरं नेसून? आमच्या घरी पांढरं म्हनजे मयतच. मी नाई येत बाप्पा."

आईला मी ती फक्त मैत्रीण म्हणून सांगितली होती.

पुढच्या पौर्णिमेला माझा पेपर होता. बाहेर येऊन मोबाईल चालू केला, तर आईचाच फोन.

"काऊन उचलत नाई? तुही मैत्रीण आली हाय विहारात. माही साडी नेसून बसली."

"पांढरी?"

"मंग काय हिरवी? बाया इचारून राह्यल्या, कोन व्हय ही."

"तू काय सांगतलं?"

"खरं तेच. माह्या पोरीची जोडीदारीन. मले काय डोळे नाईत? दोघीजनी उठून तिकडं सरकल्या. बाकीच्याईनं तिले खीर ढवळाले लावलं. गूळ जास्त टाकला तिनं. त्या सरकल्या तिथं तुही जागा धरून ठेवली हाय, लवकर येजो."