सोवळ्याच्या वाटेतली वायर

बंगळुरात, मल्लेश्वरमच्या त्या दोन खोल्यांच्या घरात अहल्येचं ऑफिस देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात होतं. शिवणयंत्रावर मॉनिटर, तांदळाच्या डब्यावर पाट आणि पाटावर लॅपटॉप. अहल्या स्टुलावर, गुडघे भिंतीला टेकवून. एका पडद्यावर डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्यावर तिची टाइप केलेली प्रत. दोन्ही ताडून चुका काढायच्या, हे तिचं काम. डॉक्टरांची अक्षरं वाचण्यात तिचा हात कोणी धरत नसे. मॉनिटरचा प्लग तेवढा समोरच्या भिंतीत होता, त्यामुळे वायर बोळ ओलांडून गुडघाभर उंचीवर ताणलेली असे.

आज अकराला ऑफिसातली पवित्रा व्हिडिओवर ही जागा तपासणार होती. पेशंटची माहिती दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडता कामा नये, असा नियम. जागा पसंत पडली तर घरून काम कायमचं. नाही तर सोमवारपासून इलेक्ट्रॉनिक सिटीतलं ऑफिस, जाऊन-येऊन चार तास बस.

अकराला पाच मिनिटं कमी असताना सासूबाई, चंद्राबाई, सोवळं नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन देवघरातून निघाल्या आणि वायरीपाशी थबकल्या.

“अहल्ये, ही दोरी कसली?”

“वायर आहे, आत्याबाई. स्वल्प वरून या ना.”

“वरून? आणि लुगडं लागलं म्हणजे?”

“प्लास्टिक आहे हो वरून.”

“आणि आत?”

“तांबं.”

“तांबं चालतं. पण दुसऱ्या टोकाला तू बसलीयस. तुझी आंघोळ झाली?”

झाली नव्हती. तिचं लॉगिन आठला असे आणि आंघोळ जेवणाच्या सुट्टीत.

बाहेरच्या खोलीतून तिचा नवरा जयतीर्थ म्हणाला, “आई, वायरीतून करंट जातो. ओवळं नाही जात.”

“करंट दिसतो का तुला?”

“नाही.”

“ओवळं दिसतं?”

“नाही.”

“मग एक जातं नि दुसरं जात नाही, हे तुला कोणी सांगितलं?”

तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेल्या जयतीर्थने पेपर उघडला.

तेवढ्यात लॅपटॉप वाजला. पवित्रा पडद्यावर आली आणि कन्नडात म्हणाली, “अक्का, खोली दाखवा. दार कुठे आहे?”

“दार... नाहीये,” अहल्या म्हणाली आणि घाबरत तिने लॅपटॉप फिरवला. शिवणयंत्र दिसलं, मॉनिटर दिसला आणि तांब्या घेऊन ताठ उभ्या चंद्राबाईही दिसल्या.

“ह्या कोण? पडद्याच्या इतक्या जवळ?”

झालं, चार तास बस, अहल्येच्या मनात आलं. पण चंद्राबाई कन्नडात कडाडल्या, “जवळ? मी? चांगली तीन हात लांब उभी आहे. त्या यंत्राला शिवणार नाही नि त्याच्याकडे बघणारही नाही. आणि मी उभी असताना दुसरं कोणी इथे फिरकून तर दाखवू दे!”

पवित्रा पुढे झुकली. “अज्जी, मडीत, सोवळ्यात आहात?”

“मग काय नाटकाला उभी आहे?”

“माझी अज्जीपण अशीच. हेब्बाळच्या घरात आम्ही पोरं बारा वाजेपर्यंत भिंतीला चिकटून चालायचो.” ती हसली. “तुमची मडी किती वाजेपर्यंत?”

“जेवणं होईपर्यंत. मग मी आत झोपते ती थेट पाचला उठते.”

“आणि अक्कांचं काम चारला संपतं,” म्हणत पवित्रा फॉर्म भरू लागली. एकेक शब्द मोठ्याने उच्चारत तिने लिहिलं, “कामाच्या वेळेत पडद्याजवळ येण्यास घरातल्या सर्वांना मनाई. देखरेख, सासूबाई.” मग मान वर करून म्हणाली, “मंजूर, अक्का.”

कॉल बंद झाल्यावर जयतीर्थने कपडे वाळत घालायच्या काठीने वायर उंच उचलून धरली. चंद्राबाई तांब्या सांभाळत खालून वाकून गेल्या. मिनिटभराने स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अहल्ये, आता ऑफिसने माझं नाव लिहून घेतलंय. उद्यापासून आंघोळीशिवाय त्या यंत्राला हात लावायचा नाही.”

“आत्याबाई, लॉगिन आठला असतं!”

“सरी, ठीक आहे. मग साडेसहाला उठवते.”