रिंगणाबाहेरचा दगड

आकाशात कुठेही गडगडलं की रमण सर हातातलं काम टाकून फोन लावायचे. तास चालू असला तर मुलांना "थांबा रे" म्हणून व्हरांड्यात यायचे. पलीकडे त्यांची धाकटी बहीण जमना असायची, तलासरीच्या आतल्या अंगाला, डोंगराकडच्या गावात.

"काढली?"

"काढली."

"बाहेर टाकली?"

"टाकली, दादा."

"माणसं?"

"लांब हायत."

"बकऱ्या?"

"त्यापन लांब."

एवढं झालं की फोन खिशात आणि सर परत फळ्याकडे. विचारताना त्यांचा उजवा हात बरणीचं घट्ट झाकण उघडावं तसा हवेत फिरत असे. डहाणूच्या आमच्या शाळेत नवीन आलेल्या शिक्षकांना वाटायचं, सरांचं गावाकडे काही गुराढोरांचं दुखणं आहे. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी होती, म्हणून मला ठाऊक होतं की काढायची ती रेडिओची केबल, आणि ती खिडकीतून बाहेर टाकायची, म्हणजे वीज पडली तर तिने रेडिओपर्यंत येऊ नये.

सर हॅम रेडिओवाले होते. लायसन्स काढून, परीक्षा देऊन, हौस म्हणून जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलणारे. विज्ञानाचे शिक्षक, अंगाने बारीक, शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. सर गेले आणि त्यांचा टॉवर मागे राहिला. तो ठेवायचा की उतरवायचा, असं जमनाने मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. ते का देता आलं नाही हे सांगायचं तर सर कसे होते तेच सांगावं लागेल.

टॉवर त्यांना खरं तर डहाणूतच हवा होता, ते राहायचे त्या इमारतीच्या गच्चीवर. सोसायटीचे चेअरमन चिकूचे व्यापारी. ते म्हणाले, "सर, बधुं बराबर, पण वीजळी पडशे तो कोण जवाबदार?" सरांनी त्यांना कागदावर आकृती काढून अर्थिंग समजावलं. चेअरमननी ती आकृती नीट घडी करून खिशात घातली आणि नाही म्हणाले. मग सरांनी गावी, जमनाच्या घरामागच्या उंचवट्यावर टॉवर उभा केला. तीन पायांचा, लोखंडी, ताणाच्या तारांनी चहूबाजूंनी बांधलेला, ताडांच्याही वर गेलेला. पायाशी खड्डा घेऊन त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ पुरलं. "बाई, ही जमीन कोरडी पडली की बहिरी होते," ते मला म्हणाले होते. "हिला पाणी पाजायचं, म्हणजे वीज आली की ऐकून घेते."

एकदा जमनाच्या घरात त्यांनी मला त्या रेडिओसमोर बसवलं. खरखरीतून कुणाचा तरी आवाज आला, कुठल्या देशाचा कोण जाणे. सर म्हणाले, "बोला बाई." जन्मभर वर्गात बोलणारी मी, पण मला काही सुचेना. न दिसणाऱ्या माणसाला काय सांगायचं? शेवटी मी "इथे भात पिकलंय" असं मराठीतच म्हणाले. सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

गावाला टॉवर पसंत नव्हता. हा वीज ओढून आणणार, असं सगळे म्हणत. त्या भागात पावसाळा सरताना, भातकापणीच्या दिवसांत, विजा फार पडतात, आणि शेतात वाकलेली माणसं मरतात. लोकांची भीती खोटी नव्हती. सरांनी सगळ्यांना जमनाच्या अंगणात बसवून सांगितलं, "वीज पडायचीच असेल तर ती या टॉवरवर पडेल आणि सरळ जमिनीत जाईल. तुमच्या घरांवर येणार नाही." लोकांनी ते नीट ऐकलं. फारच नीट ऐकलं, असं सर पुढे म्हणत.

त्या वर्षीच्या कापणीला मी त्यांच्याबरोबर गावी गेले होते. दुपारी पूर्वेकडून काळं आलं, पहिला गडगडाट झाला. सरांनी झाकण उघडल्यासारखी केबल सोडवली, खिडकीबाहेर टाकली आणि मागच्या दारात आले तर समोरच्या शेतांतून माणसं धावत येत होती. टॉवरकडे. हातात विळे, डोक्यावर प्लास्टिक. काही जण पायांच्या मधोमध बसले. लाडक्या नावाच्या म्हाताऱ्याने तर आपली बकरी टॉवरच्या पायालाच बांधली आणि स्वतः त्या पायाला मिठी मारून उभा राहिला.

सर ओरडत सुटले. "लांब व्हा! सोडा तो पाय! शाळेत जा!"

"कशाला?" लाडक्या म्हणाला. "तूच सांगलास ना मास्तर, टावर वाचवतो?"

"वाचवतो! पण तुम्हाला नाही!"

"मंग कोनाला?"

"घराला!"

"आमी घरात कुठं असतो? आमी शेतात असतो."

"अरे, वीज याच्यातून जमिनीत जाताना आजूबाजूला पसरते. जवळ उभा असलेला माणूस मरतो!"

"आधी सांगला जवळ चांगला, आता सांगतो लांब चांगला. मास्तर, एकदा काय ता नक्की सांग."

 सरांनी म्हाताऱ्याला दोन्ही काखांत हात घालून उचललं आणि गावच्या शाळेच्या पक्क्या खोलीकडे नेलं. त्याच्या मागे बाकीचे निघाले, काही रागावून, काही हसत. दार लावून आम्ही आत कोंडून बसलो. मग उजेड आणि आवाज एकाच वेळी झाला. सगळं शांत झाल्यावर बाहेर आलो तेव्हा टॉवर जसाच्या तसा होता, घरं तशीच होती, रेडिओलाही धक्का लागला नव्हता. घाईत सोडवायची राहिलेली लाडक्याची बकरी मात्र पायाशी आडवी पडली होती.

सर बकरीजवळ बसून राहिले. सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणेच झालं होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी. लाडक्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाव दे. त्याला पायजे होती, त्यानं घेतली."

"त्याला कोणाला?" सरांनी विचारलं. लाडक्याने फक्त वर पाहिलं.

सरांनी टॉवरभोवती मोठं रिंगण आखलं, चुन्याने रंगवलेल्या दगडांचं. गडगडलं की त्याच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, आणि रिंगणाबाहेरही उघड्यावर न थांबता पक्क्या खोलीत जायचं. हे त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. लोक ऐकू लागले. ढग आले की रिंगण आपोआप रिकामं व्हायचं. सर खूश होते. मग एका शनिवारी गावाहून परतले आणि सोमवारी स्टाफरूममध्ये डबा न उघडता बसून राहिले.

"बाई, टॉवरच्या पायाला शेंदूर लागलाय."

"कुणी लावला?"

"कुणी नाही. सगळ्यांनी. एक दगड मांडलाय, नारळ फोडलेत. रिंगणात कुणी येत नाही ते माझ्या सांगण्यामुळे नाही. तिथं देव बसलाय, त्याने बकरी घेतली, म्हणून."

"पण लांब राहतात ना?"

"राहतात." ते बराच वेळ डब्याच्या झाकणावर बोट फिरवत होते. "चुकीच्या कारणाने अगदी बरोबर वागतायत. मी आता काय शिकवू? शेंदूर पुसला तर भीती जाईल, भीती गेली तर पुन्हा बकऱ्या बांधतील. नाही पुसला तर उद्या कुणीतरी गडगडताना देवाला शांत करायला म्हणून नारळ घेऊन आत जाईल. तोही मरेल."

मी त्यांना म्हटलं, देव असू द्या, पण त्याला रिंगणाबाहेर बसवा. मी थट्टेत म्हटलं होतं. सरांनी मान वर केली आणि मला "बाई, तुम्ही विज्ञान का नाही घेतलं?" असं विचारलं.

देव हलवणं सोपं नव्हतं. जमना म्हणाली, त्याला विचारल्याशिवाय उचलता येणार नाही, आणि ज्याने टॉवर आणला त्यानेच विचारायचं. आयुष्यात कधी देवळाची पायरी न चढलेले रमण सर नारळ घेऊन त्या दगडासमोर बसले. आकाश निरभ्र आहे याची खात्री मात्र त्यांनी आधी करून घेतली होती. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. लाडक्या म्हणाला, "मास्तरचा हात शाळेचा हाय." सगळे हसले, सरही हसले. दुसऱ्या फटक्याला फुटला. मग त्यांनी दगड पोटाशी धरून रिंगणाबाहेर आणला. जमनाने विचारलं, "तोंड कुनीकडं करू, दादा?" सर म्हणाले, "शाळेच्या खोलीकडं. म्हणजे पळायचं कुठं ते कळेल."

परतताना एसटी विवळवेढे गावाच्या पुढे आल्यावर मी त्यांना विचारलं, नारळ फोडताना काय म्हणालात? कारण त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते. सर म्हणाले, "जे म्हणायचं असतं तेच." ते काय असतं, हे मला अजून माहीत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी ते आजारी पडले. वापीच्या एका हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत ते फारसं बोलत नव्हते. एका दुपारी बाहेर ढग वाजले आणि त्यांचा उजवा हात चादरीवर फिरू लागला, बरणीचं झाकण उघडावं तसा. नर्सला वाटलं पाणी हवंय. तिने बाटली उघडून दिली. मी म्हटलं, "सर, काढली आहे. बाहेर टाकली आहे." हात थांबला, दुसऱ्या हाताजवळ गेला आणि तिथेच राहिला. जोडला की नुसता टेकला, मला सांगता येणार नाही. मी अगदी जवळ बसले होते, तरी सांगता येणार नाही. दोन्ही वाटतं.

त्यांच्या दिवसांना मी गावी गेले तेव्हा जमनाने तो प्रश्न विचारला. "बाई, अच्छाडचा भंगारवाला टावर बघून गेला. ठेवू का पाडू? दादा तुमच्याशी बोलायचा. तुमाला म्हाईत असंल."

मी त्या उंचवट्यावर जाऊन उभी राहिले. रिंगण होतं, दगड होता, त्यावर ताजी फुलं होती. ठेवला तर वीज त्याच्यावर पडणार. उतरवला तर मग कुठे पडणार? ठेवला तर जमिनीला पाणी कोण पाजणार, माणसांना लांब कोण ठेवणार? घरांना वाचवणारी वस्तू माणसाला मारते, आणि सर तर दोन्हीच्या मध्ये उभे राहून ओरडायला आता नाहीत. मी जमनाला "कळवते" म्हटलं आणि डहाणूला परत आले.

गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात होते. समास चालू होता. तलासरीच्या बाजूने गडगडलं. मुलांनी सवयीने व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. मी "थांबा रे" म्हणाले आणि बाहेर येऊन फोन लावला.

जमनाने लगेच उचलला.

"काढली?" मी विचारलं.

"नाय काढली," ती म्हणाली. "दादा गेल्यापासून कोनी इचारलंच नाय. थांबा, काढते."

पावलं ऐकू आली, मग धातूवर धातू फिरल्याचा बारीक आवाज. त्या रेडिओवर आता कुणीच बोलणार नाही, मग तो वाचवायचा कशासाठी, हे माझ्या मनात आलं होतं. मी ते बोलले नाही.

"काढली. बाहेर टाकली."

"माणसं?"

"शाळेत गेली सगली. सकालीच खड्ड्याला पाणीपन घातलं मी, आकाश बघून." मग थांबून म्हणाली, "भंगारवाल्याला काय सांगू?"

"नको म्हणून सांगा."

"बरं." तिने फोन ठेवला नाही. मागे पुन्हा गडगडलं, तिच्याकडे आधी आणि मग माझ्याकडे. "बाई, बकऱ्या नाय इचारल्या तुमी."

"बकऱ्या?" मी विचारलं.

"त्यापन लांब."