यादीतलं पहिलं वांगं

आमच्याकडे कुठलीही यादी घरापासून सुरू होते, मग ती लग्नाची असो नाहीतर सत्यनारायणाच्या आमंत्रणांची. त्यामुळे अकोल्याला पीएचडीसाठी वऱ्हाडातल्या वांग्यांचा वंशवृक्ष करायला बसले, तेव्हा फाइलमध्ये पहिला नंबर वलगावच्या आमच्या मळ्यातल्या वांग्याला दिला. त्याखाली बाळापूरची, म्हणजे मामाकडची, चार वाणं आणि मग उरलेला मुलूख.

कॉम्प्युटरच्या प्रोग्रामने सगळ्यांच्या डीएनएवरून झाड काढलं. अगदी बुडाशी आमचं वांगं, एकटं, ऐटीत. पुढे मामाची, त्यांच्यापुढे बाकीची सगळी. शनिवारी बडनेऱ्याला उतरून घरी गेले ती लॅपटॉप उघडतच. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण बुडाशी कोण आहे ते मी बोट ठेवून दाखवलं. आमचं बी आजोबांच्या आजोबांपासूनचं, हे ते जन्मभर सांगत आलेत. रविवारी अमरावतीच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला वांग्यांबरोबर ही हकिगत फुकट मिळाली. तेवढ्यावर भागेना, म्हणून त्यांनी मामाला फोन करून कळवलं, की तुमची वांगी आमच्या वांग्याची लेकरं आहेत. साल्याला चिडवायची अशी संधी कोणता भाऊजी सोडेल?

सोमवारी माझ्या गाइड मॅडमनी ते चित्र पाहिलं आणि विचारलं, मूळ कुठे धरलंस? मी म्हणाले, प्रोग्रामने धरलंय. त्यांनी कपाळाला हात लावला. आपण मूळ सांगितलं नाही, तर हा प्रोग्राम फाइलमधलं पहिलं नाव सगळ्यांत परकं समजतो आणि झाड तिथून मांडतो. कोण कोणाच्या जवळचं, एवढंच त्याला कळतं. आधीचं कोण, ते कळत नाही. त्यासाठी खरोखरचा बाहेरचा लागतो, वांग्याचा कुणी लांबचा नातेवाईक. मी बांधावरची काटेरी भुईरिंगणी यादीत घातली आणि परकी म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं. वांग्यांची एकही फांदी इकडची तिकडे झाली नाही, झाड फक्त दुसऱ्या टोकाने धरलं गेलं. आमचं वांगं आता मामाच्या वांग्यांच्या घोळक्यात होतं, पार शेंड्याला, कालपरवा फुटल्यासारखं.

त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. अर्धवट शहाणपण माझं आणि बाजारात हसं व्हायचं बाबांचं. स्वतःची इतकी लाज मला नापास झाल्यावरही वाटली नव्हती.

पुढच्या शनिवारी घरी गेल्या गेल्या सांगून टाकलं. बाबांनी पडद्यावर शेंड्याच्या वांग्यावर बोट ठेवलं.

"मंग आपलं बी आलं कुठून?"

"बाळापूरहून," मी म्हणाले.

आई अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या बियाले कीड लागली होती. मी माहेरून आणलं अन् त्याच गाडग्यात टाकलं."

"कावून सांगतलं नाई?"

"सांगतलं असतं, तं तुमी सासऱ्याचं बी पेरलं असतं काय?"

थोड्या वेळाने बाबांनी मामाला फोन लावला, आणि पलीकडून आवाज आल्यावर स्वतः एक शब्दही न बोलता तो आईच्या हातात दिला.