पाठानंतरचे टाचण

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे शिक्षकाचे टाचणाचे काम कमी झाले का, हा प्रश्न घेऊन मी लिहायला बसलो आहे. टाचण म्हणजे उद्याच्या पाठाची आदल्या दिवशी केलेली लेखी तयारी. उत्तर आधीच सांगतो: आमच्या शाळेत ते काम वाढले, आणि ही गोष्ट मी लपवली.

आर्णी तालुक्यातल्या एका खासगी शाळेत मी पर्यवेक्षक आहे. गेल्या वर्षी सत्र सुरू होतानाच संस्थेच्या अध्यक्षांनी फर्मान काढले, की यापुढे प्रत्येक टाचण एआयकडूनच करून घ्यावे. कोणी किती वेळा वापरले, याचा तक्ता दर सोमवारी त्यांच्या मोबाइलवर जाई.

टाचणे देखणी येत. उद्दिष्टे, कृती, मूल्यमापन, सारे जागच्या जागी. फक्त आमचा वर्ग त्यांत नसे. म्हणून आम्ही पूर्वीसारखेच वहीत लिहायचो, शिकवायचो, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आठवड्याची टाचणे एआयकडून काढून त्यांवर मागच्या तारखा घालायचो. त्यांखाली पर्यवेक्षक म्हणून सही माझी.

विज्ञानाच्या बाई तेवढ्या हे करत नसत. त्यांची नेमणूक अकरा महिन्यांची, दरवर्षी नव्याने व्हायची. परागीभवनाच्या पाठासाठी त्यांच्या वहीत लिहिलेले मी वाचले होते: 'कपाशीचे फूल. आज फिकट पिवळे, उद्या गुलाबी. हे मुलांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक. त्यांनाच सांगू द्यावे.'

शिक्षकखोलीत गणिताच्या सरांनी त्यांना छेडले, "मॅडम, बटन दाबाले मुहूर्त पाहून राह्यल्या का?"

"तुमचा पाठ झाला मंगळवारी, सर, अन् टाचण निघालं शनिवारी. बारसं आधी अन् बाळ मागून!"

सगळे हसले. मीही हसलो.

मार्चमध्ये अध्यक्षांनी बाईंना आणि मला बोलावले. तक्त्यात बाईंच्या नावापुढे ऑगस्टपासून शून्य होते.

"काहून मॅडम? बाकीच्याईले जमते, तुम्हालेच नाही जमत?"

"जमते, साहेब. पहिला महिना केलं ना. काम दुप्पट होते. बाकीचेही आधी वहीतच लिहितात. या सरांले विचारा."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "काय सर? खरं हाये का?"

माझ्या निवृत्तीला दोन वर्षे होती. मी म्हणालो, "तसं काही नाही, साहेब. सर्वांना उपयोग होतो. वेळ वाचतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. टेबलावरची आपली वही उचलली आणि त्या निघून गेल्या.

त्यांच्याविषयीचा शेरा मलाच लिहायचा होता. वाक्य जुळेना. अध्यक्ष म्हणाले, "एआयकडूनच घ्या ना लिहून!" घेतला. शेरा अतिशय सभ्य आला: नव्या साधनांशी जुळवून घेण्यास वाव आहे. मी सही केली. पुढच्या सत्रात बाईंची नेमणूक झाली नाही.

पालकसभेत आता अध्यक्ष सांगतात, की एआयने शिक्षकांचा वेळ वाचवला. त्यांना ते मीच सांगितले होते.

तुमच्या शाळेत किंवा कचेरीत काय चालते, ते मला माहीत नाही. तिथे काम करणाऱ्याला एकटे गाठा आणि विचारा, की आधी काय केले आणि मागून काय केले. माझ्या सांगण्यावरून काही ठरवू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.