न लागलेला दिवा

मैनाबाई कुमरे चावी अर्धीच फिरवायच्या आणि थांबायच्या. शेजारी डॉक्टर असो की कोंबडी घेऊन बसलेली म्हातारी, प्रत्येकाला डॅशबोर्डकडे पाहायला लावायच्या. "सगळे दिवे लागले? आता विझले? मंग चाला." मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा त्यांचे शब्द तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने फुगलेल्या गालाआडून येत होते. मी संस्थेची कार्यकर्ती, माझ्या पिशवीत तंबाखूविरोधी पत्रकं होती. एक काढून दिलं. बाईंनी त्याने समोरची काच पुसली आणि म्हणाल्या, "कागद चांगला हाये वं पोरी. मऊ हाये."

मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या गावांत फिरणाऱ्या दवाखान्याच्या गाडीवर त्या ड्रायव्हर होत्या. गाडी ठेकेदाराची. दिवस भरलेल्या बायका त्याच गाडीतून मूलच्या सरकारी दवाखान्यात यायच्या, कारण त्या रस्त्याला दुसरी गाडी नव्हतीच. त्याआधी बाई मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायच्या. "तवा वाघ नाई दिसला का लोक मले शिव्या देत. आता पोटात कळ आली का देतेत. बढती झाली माही," म्हणायच्या. बाई गोड नव्हत्या. भांडकुदळ होत्या, आणि आपल्याइतकी गाडी जिल्ह्यात कोणाला कळत नाही याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या पावसाळ्यात गाडीतला एबीएसचा दिवा सतत पेटलेला असायचा. चिखलात जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन गाडी घसरू नये, यासाठी ही यंत्रणा असते. चाकाशेजारचा सेन्सर चाकाचा वेग तिला कळवतो. तो मुका झाला की यंत्रणा बंद पडते आणि दिवा लागतो. ठेकेदाराचा मॅनेजर राजूभाऊ. त्याने सेन्सर बदलून आणला, मग पुन्हा बदलला. दिवा ढिम्म.

एका सोमवारी गाडी ठेकेदाराच्या ऑफिसातून आली ती दिव्याविना. मी म्हणाले, "चला, झाली एकदाची दुरुस्त."

"काऊन वं, तू पाह्यला का लागताना?" बाईंनी चावी अर्धी फिरवली. बाकीचे दिवे लागले, विझले. एबीएसची जागा काळीच. "जो लागलाच नाई थो विझला कसा?"

गाडी तशीच रफिकभाईंच्या गॅरेजात नेली. डॅशबोर्ड उघडला. दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवलेली होती, अगदी नीट, कडा दाबून. पोटुशी बाई मागे बसवायची, घसरड्या रस्त्यावरून न्यायची, आणि गाडी 'मला बिघाड आहे' म्हणून ओरडते तर तिचं तोंड चिकटवायचं. हे कोणीतरी शांतपणे बसून, जीभ दातांत धरून केलं होतं.

रफिकभाईंनी मशीन लावलं. मागच्या डाव्या चाकाचा निरोप येत नव्हता. बाईंचा हट्ट, उजवंच असणार. "माह्या पाठीले समजते."

"मशीनला पाठ नाही ना बाई," रफिकभाई म्हणाले.

सेन्सर नवाच होता, म्हणून त्यांनी त्याची तार तपासली. दोन टोकांना मीटर लावलं, आकडा बरोबर. तार हलवली, तरी बरोबर. त्यांनी हात झटकले. "इथं तर सगळं ठीक दाखवतंय."

"उभ्या गाडीचं काय पाहून राह्यले भाऊ? उभी गाडी कोनाले घेऊन पडते?"

रफिकभाईंनी जॅक लावला. चाक हवेत लटकलं, खाली ओढलं गेलं, आणि मीटरवरचा आकडा गेला. सेन्सर बसवणाऱ्याने तार इतकी ताणून बांधली होती की प्रत्येक खड्ड्यात चाक उतरलं की तिला हिसका बसायचा. वरचं कव्हर शाबूत, आत तांबं तुटलेलं. गाडी जमिनीवर आली की टोकं पुन्हा चिकटायची. नवे सेन्सर येत राहिले, तारेकडे कोणी पाहिलंच नाही. रफिकभाईंनी ती जोडली, ढील ठेवून बांधली आणि सांगितलं, "जोड है बाई, कब छूटेगा बोल नहीं सकता. नवीन तार घाला." पट्टीला मात्र हात लावला नाही, गाडी ठेकेदाराची.

राजूभाऊने नवी तार नाकारली. मग किमान ती पट्टी काढा, बाई म्हणाल्या. "दिवा कशाले? पेशंट घाबरतेत," तो म्हणाला. बाईंनी चावी त्याच्या चहाच्या कपात टाकली आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी गाडीवर नवा पोरगा आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मी तक्रार केली, पत्रक काढलं, चौकात वाटलं. तपासणीला एक साहेब आले. गाडीत एसी लावून बसले, डॅशबोर्ड न उघडता वरूनच पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, एखादा दिवा पेटलेला असता तर तुमचं म्हणणं मी समजू शकलो असतो." राजूभाऊ हसला. साहेबही हसले. एवढं स्वच्छ, इस्त्रीचं हसू मी आजवर पाहिलेलं नाही, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

हे सांगायला मी बाईंच्या गावी गेले. त्या तळ्यावर भावाचं जाळं सोडवत बसल्या होत्या. सगळं ऐकलं, खर्रा थुंकल्या आणि विचारलं, "थो पोरगा उतारावर कसा चालवते?"

"जोरात."

दुसऱ्या सकाळी बाई राजूभाऊच्या टेबलासमोर उभ्या होत्या. कामावर परत घ्यायला त्याने अट घातली, दिव्याचं नाव काढायचं नाही. बाईंनी मान हलवली. मी दारातच त्यांना अडवलं. "बाई, तुम्ही हार मानली?"

"हार-जीत तुह्या कागदात लिव. आत बाया बसतेत."

नंतर मी एकदाच त्यांच्या गाडीतून गेले. मागे एक पोटुशी बाई आणि तिची सासू. मोठ्या उताराच्या आधी बाईंनी गाडी कडेला घेतली, खाली उतरल्या, डाव्या चाकाशी चिखलात गुडघे टेकून आत हात घातला आणि जोड चाचपला. सासू खेकसली, "का झालं वं ड्रायवरबाई, पोरीले कळा येऊन राह्यल्या न!"

"काई नाई बाई," मैनाबाई साडीला हात पुसत म्हणाल्या, "गाडी ठीक हाये."

राजूभाऊही हेच वाक्य म्हणतो, एसीतल्या खुर्चीवरून.