फायबरच्या कॅरॅव्हॅनचे तोटे मी लिहिले

आपल्या माणसाजवळ राहायचं की आपल्या मुद्द्याजवळ, असं विचारलं तर तुम्ही काय निवडाल? मी मुद्दा निवडला होता.

बाबा इथे आखातात वेल्डर आहेत, दुक्म बंदराच्या प्रकल्पावर, पुरुषांच्या कॅम्पात. फाटकाच्या आत बायकामुलांना घेत नाहीत. आई आणि मी तिथून बसने दिवसभराच्या अंतरावर, शहरातल्या रुवी भागात राहतो. तीन आठवड्यांनी एकदा बाबा बसने येतात आणि निम्मी सुट्टी झोपेत जाते.

मदिनत सुलतान काबूस या शहरातल्या श्रीमंत वस्तीतला एक गोरा इंजिनियर देश सोडताना आपला छोटा फायबरचा कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत होता. आम्ही तिघं बघायला गेलो. फणस पिकलाय का बघावं तशा बाबांनी त्याला सगळीकडून टिचक्या मारल्या.

“दोनच तुकडे, शिंपल्यासारखे मिटवलेले. गळायला फट नाही, खाऱ्या वाऱ्याने गंज नाही. माझ्यासारख्याला यात कामच नाही!”

“आत उभं तरी राहता येईल का?” आईने विचारलं.

“तुला नाचता येईल. मान मला वाकवावी लागेल, ती सवय आहे.”

तो दुक्मच्या किनाऱ्यावर ठेवायचा, शुक्रवारच्या सुट्टीसाठी आम्ही दर गुरुवारी बसने जायचं, असं ठरत आलं. “दार समुद्राकडे करू,” बाबा म्हणाले.

माझी अक्षरओळख बाबांच्या जुन्या युनियनच्या पत्रकांवर झालेली. घरी येताच मी कागदावर उभी रेघ मारली. फायदे: हलका, साध्या गाडीनेही ओढता येतो. तोटे: टेबल दुमडल्याशिवाय पलंग होत नाही, तिसऱ्याला हातभर फळी, एसीला जनरेटर.

“दुक्मला उन्हाळ्यातही वारा असतो, एसी कशाला? आणि फळीवर मी झोपेन.” बाबा एकेक तोटा खोडत होते. तेव्हा मी शेवटचा लिहिला: कुटुंबाला जागा देणं हे कंपनीचं काम. आपण डबा विकत घेऊन तिला सुटका द्यायची नाही.

बाबांनी ते दोनदा वाचलं. “मुद्दा बरोबर आहे, पुढारीणबाई,” म्हणाले आणि गोऱ्याला फोन करून नाही कळवलं.

मग मी कंपनीकडे कुटुंबांसाठी खोल्या मागणारा अर्ज लिहिला. कॅम्पातल्या बऱ्याच जणांनी सह्या केल्या. ऑफिसातून दर वेळी एकच उत्तर येतं, इन्शाल्ला. दोन हिवाळे गेले. गुरुवारी आई दोघींपुरतं कालवण करते. बाबा किनाऱ्यावर जाऊन फोन पाण्याकडे धरतात, आणि आम्हाला नुसता वारा ऐकू येतो. आई तरीही कान लावून बसते.

मुद्दा आजही बरोबर आहे. मी तो सोडणार नाही. पण कंपनीशी भांडताना आईबाबांच्या दोन हिवाळ्यांची किंमत मी त्यांना न विचारताच लावली. या गुरुवारी आम्ही दोघी साधा तंबू घेऊन दुक्मला निघतोय.

तुमचंही कुणी अशा कॅम्पात असेल, तर खोल्यांच्या अर्जावर सही करा. आणि त्याच दिवशी बसचं तिकीटही काढा.